सोपान फौजीनं गावाला दिलेली नावं

सोपान फौजी कोणाला राम राम घालत नाही. समोर माणूस आला की तो आधी त्याच्या डोळ्यांत बघतो, मग हाताच्या बोटांकडं बघतो, मग दोन पावलं मागं सरून त्याची चाल बघतो, आणि आजाराचं नाव सांगतो. अंगाचा आजार नव्हे, डोक्याचा. सर्दी-खोकल्याला तो हात लावत नाही. "ते तालुक्याला दाखवा," म्हणतो, "आपलं डिपार्टमेंट वरचं हाय." आणि स्वतःच्या टोपीवर बोट ठेवतो.

उंब्रजच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. ऊस, म्हशी आणि घरटी एक फौजी. सोपान मिलिटरीत मेडिकलला होता. डॉक्टर नव्हता, हे मीच सांगून टाकतो, कारण तो सांगत नाही. पट्ट्या बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, ताप बघायचा, ही त्याची नोकरी. ती त्यानं इमानानं केली. हात हलका होता, त्यात मी खोट काढणार नाही. डोक्याचं शिक्षण मात्र त्यानं पेन्शनीवर आल्यावर मोबाईलवर घेतलं. त्यात एक चष्मेवाली पोरगी बोटं मोजत सांगते, ही पाच लक्षणं दिसली तर सावध व्हा. सोपान तिला मॅडम म्हणतो. मॅडम बोलायला लागल्या की तो खाटेवर ताठ बसतो.

"पाच लक्षणं असत्यात, तात्या," त्यानं मला एकदा समजावलं. "तीन जुळली की केस क्लिअर."

"आणि दोनच जुळली तर?"

"तर आणि दोन दिवस नजर ठेवायची."

"अरं, त्यापरास त्या माणसालाच इचारावं की."

त्यानं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "माणूस खोटं बोलतंय, तात्या. लक्षणं खरं बोलत्यात."

त्याचा दवाखाना म्हणजे दूध डेअरीचा कट्टा. सकाळी सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असतं. आत मशीन दुधाचं फॅट काढतं, बाहेर सोपान माणसाचं. त्याच्या घरी म्हस नाही, शेळीसुद्धा नाही, पण रांग लागायच्या आधी तो हजर. आमच्या गुरवाला देवळाचं कुलूप दोन-तीनदा ओढून बघायची सवय. सोपाननं रांगेत जाहीर केलं, "ओसीडी." गुरव म्हणाला, "अरं बाबा, गेल्या साली घंटा चोरीला गेली, म्हणून बघतोय." सोपान म्हणाला, "बघा, पेशंट कारण देतोय. चौथं लक्षण." सगळे हसले. गुरव गरीब माणूस. लाजेनं त्यानं कुलूप ओढायचं सोडलं. दुसऱ्या आठवड्यात कुलूप नीट लागलं नाही, रामोश्याची शेळी आत शिरली आणि देवीच्या अंगावरचा हार खाऊन बसली.

सरपंच इलेक्शनच्या आधी गोड बोलतो आणि नंतर ओळख देत नाही, म्हणून त्याला सोपाननं बायपोलर ठरवलं. मी म्हटलं, "गड्या, त्याला आमच्यात आजार म्हणत न्हाईत, राजकारण म्हणत्यात." त्यानं ऐकलं नाही. लग्नाच्या फटाक्याला खाटेखाली घुसणाऱ्या कुत्र्यालासुद्धा त्यानं अँक्झायटी लावली. कुत्रं फटाक्याला भितं हे कळायला मिलिटरीत जावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आमच्या घरालाही सुटका नव्हती. आमची अनुसया तोंडानं फटकळ. गल्लीच्या त्या टोकाला उभ्या माणसाला या टोकाहून शिवी लागायची. एकदा मला वैरणीवरून झापत होती आणि सोपान कुंपणापलीकडं उभा. तो म्हणाला, "वैनी, राग धरू नका, पण तुमाला अँगर इश्यू हाय."

अनुसया वळली. "इश्यू म्हंजे काय ते मला ठावं न्हाई. मला नवरा हाय. दुसरं कायबी न्हाई."

सोपान तेवढ्या एका घरातून केस न करता परत गेला.

आता खोटं कशाला लिहू, त्याचं एक निदान खरं ठरलं. कुंभाराची सून बाळंत झाली आणि बाळाकडं बघेना. भिंतीकडं तोंड करून पडायची. सासू म्हणाली, बाहेरचं लागलंय, अंगारा आणा. सोपान भर दुपारी त्यांच्या घरी गेला, सासूला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काकू, ह्यात भूतबीत कायबी न्हाई. बाळंतपणानंतर व्हतंय असं कुणाकुणाला. कराडला डॉक्टरला दाखवा, बरं व्हतंय." जीप त्यानंच बोलावली आणि सोबतही गेला. सून बरी झाली, आता ते पोर अंगणवाडीत जातं. हे सोपाननं आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. कुंभारणीनं अनुसयेला सांगितलं म्हणून मला ठाऊक. ती म्हणालेली, "एवढं कट्ट्यावर बोंबलतोय, पण त्या पोरीचं नाव त्यानं तोंडातनं काढलं न्हाई बघा." तेव्हा ते कानावरून गेलं. नंतर लय आठवलं.

अनुसयेला जाऊन आता पाचवा महिना. सकाळी चुलीपुढं बसली ती तशीच कलली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो. त्यापुढं मला लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग पोरगा महेश पुण्याला गेला, सूनबाई गेली, आणि घरात मी आणि मैना राहिलो. मैना आमची म्हस. तिला अनुसयेचीच सवय. दुसऱ्या कोणाचा हात सडाला लागला की पान्हा चोरायची. मी बसलो, तिनं लाथ घातली. शेजारीण बसली, तिनं किटली उडवली. कास दगडासारखी झाली, जनावर ओरडायला लागलं. कोणी म्हणालं इंजेक्शन टोचा, पान्हा येतो. ते मला पटलं नाही. तिचंही माणूस गेलंय आणि तिला आपण सुई टोचायची.

माझी थोरली बहीण औंधला असते. ती फोनवर म्हणाली, "येड्या, म्हशीला तोंड दिसत न्हाई, वास लागतोय. अनशीचं लुगडं घे अंगावर आणि बस. आणि धुतलेलं घेऊ नगंस." मग मला आठवलं, बाप वारल्यावर आई त्याचं घोंगडं पांघरून बैलाला पाणी दाखवायची. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. पोरांना माहीत नसेल, पण साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा.

मी दांडीवरचं तिचं शेवटचं लुगडं घेतलं. खाली माझं धोतर होतंच, वरून लुगड्याचा एक वेढा आणि डोक्यावर पदर. मैनेनं हुंगलं. कान हलवले. पण पान्हा सोडेना. मग मला सुचलं की अनुसया धार काढताना बोलायची. मी आवाज बारीक केला आणि तिच्यासारखं म्हणालो, "सोड गं माजे बाय, सोड. तुजा बी जीव मोकळा हुदे, माजा बी." आणि किटलीत पहिली धार वाजली.

तेव्हापासून दोन वेळा हे चाललं होतं. गोठा आत आहे, कोणाला दिसत नव्हतं. पण सोपानच्या पडवीतून आमच्या गोठ्याचं मागचं खिंडार दिसतं. एका सकाळी मी धार काढून उठलो, पदर सावरला, तर खिंडारात सोपानचे दोन डोळे. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. हळूच निघून गेला. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं.

दुपारी गावाच्या मोबाईलवरच्या ग्रुपात आलं. मला वाचायला वेळ लागतो, मी चौथी शिकलेला. पण हे मी दहा वेळा वाचलं, म्हणून पाठ आहे. 'आपल्या गावातील एक ज्येष्ठ नागरिक. पत्नीनिधनास चार महिने. पत्नीचा पोशाख करून पत्नीच्या आवाजात जनावराशी संभाषण. पाचपैकी चार लक्षणे. केस सीरियस. नातेवाइकांनी वेळीच लक्ष द्यावे.' खाली हात जोडलेले आणि एक मेंदूचं चित्र.

नाव लिहिलं नव्हतं. एवढी माणुसकी. आणि चार महिन्यांत बायको गेलेला म्हातारा गावात एकच.

गावानं मला तोंडावर येडा म्हटलं असतं तर मी शिवी घातली असती आणि विषय मिटला असता. गाव माझ्याशी गोड बोलायला लागलं. डेअरीवर माझ्यासाठी रांग सोडायला लागले. दुकानदार, ज्यानं जन्मात मला सुटे पैसे नीट दिले नाहीत, तो मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागला, "ता-त्या, चा-पत्ती पायजे का?" मी म्हटलं, "अरं, मी येडा झालोय म्हणं, बहिरा न्हाई." तो म्हणाला, "बरं बरं," आणि शेजारच्याकडं बघून मान हलवली. म्हणजे पाचवं लक्षणही जुळलं.

संध्याकाळी महेशचा फोन. माझा पोरगा माझ्याशी वैतागून बोलतो, तसंच बोलावं, त्यात माया असते. त्या दिवशी तो हळू बोलत होता.

"तात्या, आम्ही रविवारी येतोय. तुम्ही आता आमच्याकडंच राहायचं."

"आणि मैना?"

"तिला गिऱ्हाईक बघितलंय. ओगलेवाडीकडचा व्यापारी आहे. तो रविवारीच येईल."

"मी इचारलं का तुला गिऱ्हाईक बघ म्हणून?"

"तात्या, ती म्हस गोठ्यात आहे तोवर तुम्हाला आईचंच दिसत राहणार. सोपानकाकांनी लिहिलंय ना. काका मेडिकलमधले आहेत."

मी फोन ठेवला. महेशचं घर तिसऱ्या मजल्यावर. पोरगा वाईट नाही, सून वाईट नाही, पण तिथं मी करायचं काय? खिडकीतून खालच्या गाड्या मोजायच्या? आणि मैना गेली की अनुसयेचा हात लागलेलं जितं असं काहीच उरत नव्हतं. चूल बंद, गॅसवर चहा. भांडी मी घासतो, त्यावरचा तिचा हात कधीच गेला. एक ती म्हस तिला ओळखत होती.

शनिवारी दुपारी मी सोपानच्या दारात गेलो. पोरगा माझं ऐकणार नव्हता, फक्त त्याचं ऐकणार होता. खाटेवर कांबळं मिलिटरीसारखं ताणून घातलेलं, त्यावर सुरकुती नाही. सोपान मोबाईल समोर धरून बसलेला.

"सोपान, लिही त्यात, चुकलो म्हणून."

"बसा तात्या."

"बसायला आलो न्हाई. ते लुगडं म्हशीसाठी हाय. तुला मिलिटरीत म्हशी न्हवत्या, म्हणून तुला ठावं न्हाई. उद्या पोरगा म्हस इकतोय माजी."

"मी तुमच्या चांगल्यासाठी लिवलं."

"माज्या चांगल्यासाठी लिवलंस तर मला का न्हाई सांगितलंस? गावाला का सांगितलंस?"

मग त्याचं नेहमीचं, "लक्षणं..."

मी फटकळ माणूस. बायकोपेक्षा जरा कमी, पण आहे. आणि त्या वेळी मला धरबंद राहिला नाही. मी म्हणालो, "तुजी लता बी अशीच घालवलीस न्हवं?"

सोपानची बायको लता चार वर्षांपूर्वी नागपंचमीला माहेरी शिराळ्याला गेली ती परत आली नाही. का, हे गावात कोणाला नीट माहीत नव्हतं. मी अंधारात दगड मारला होता. तो लागला, हे त्याच्या तोंडावरून दिसलं आणि मला वाईट वाटलं. मी खाटेवर बसलो. कांबळ्याला सुरकुती पडली, ती त्यानं नीट केली नाही.

मग म्हणाला, "मी रिटायर हून आलो तवा ती दुपारची नुसती बसून असायची. हाका मारल्या तर दचकायची. कवा कवा रडायची. मी मोबाईलात बगितलं. पाचातली चार जुळली. मला बरं वाटलं तात्या, खोटं न्हाई सांगत. वाटलं, आपल्याला गवसलं. मेव्हण्याच्या घरी वास्तुशांती व्हती. पंगत बसली व्हती, समदी भावकी. तिथं मी म्हणालो, हिला डिप्रेशन हाय, सांभाळून घ्या."

"मग?"

"मग घेतलं की समद्यांनी सांभाळून. आमटीत मीठ जास्त झालं, तर म्हणायचे, आसूंदे, तिच्या डोक्याचं हाय. हसली, तर म्हणायचे, गोळी लागू पडली वाटतं. बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि ही आली की आपली लेकरं उचलून मांडीवर घ्यायच्या. नाव एकदा दिलं की निघत न्हाई, तात्या. मी लय पुसलं. निघालं न्हाई."

"पण तिला झालं काय व्हतं?"

"मला ठावं न्हाई," म्हणाला. "मी इचारलंच न्हाई."

बाहेर गल्लीतून ट्रॅक्टर गेला. मी कांबळ्याची सुरकुती हातानं सारखी केली.

"आणि तरी बी तू गावभर हेच करत सुटलायस," मी म्हणालो. "एवढं झाल्यावर माणूस तोंड शिवून घेतं."

"तिच्यासाठीच करतोय," तो म्हणाला. मला वाटलं आता हा खरंच गेला. पण त्याचा आवाज सरळ होता. "एकट्या तिलाच नाव हाय म्हणून ती लाजती. म्हटलं, समद्यास्नीच एकेक देऊन टाकावं. गुरवाला एक, सरपंचाला एक, कुत्र्याला बी एक. गावात बिननावाचं कोणच ऱ्हायलं न्हाई, तर तिला यायला काय वाटायचं न्हाई."

मी आयुष्यात लय मूर्खपणा बघितलाय, स्वतः केलाय. पण एवढ्या मायेनं केलेला बघितला नव्हता. त्याला शिवी द्यावी म्हणून तोंड उघडलं, ती बाहेर आली नाही.

"उद्या येतोस का?" एवढंच विचारलं.

"येतो."

रविवारी महेश आणि सूनबाई आली, मागून टेम्पो घेऊन व्यापारी आला. व्यापाऱ्यानं मैनेचे दात बघितले, कास चाचपली, तिनं त्याला लाथ घातली. "तेजीचं जनावर हाय," तो खूश होऊन म्हणाला. महेश माझी पिशवी भरत होता. औषधाची डबी, चष्मा, दोन सदरे. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होतो.

सोपान आला. मिलिटरीची इस्त्रीची पँट घातली होती, साक्षीला निघाल्यासारखी. महेश लगेच पुढं आला. "काका, बरं झालं तुम्ही आलात. पुण्यात कुठल्या डॉक्टरकडं न्यावं, तेवढं सांगा."

"थांब जरा," सोपान म्हणाला. "मी लिवलं ते चुकीचं व्हतं. तात्या ते लुगडं म्हशीसाठी नेसत्यात. पान्ह्यासाठी. मी चौकशी केली न्हाई."

महेश कसनुसा हसला. "काका, तुम्ही त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलताय."

गाव सोपानच्या निदानावर विश्वास ठेवत होतं, चुकीवर कोणी ठेवत नव्हतं. त्यानं महेशकडं बघितलं, व्यापाऱ्याकडं बघितलं, मग माझ्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला. इस्त्रीची पँट शेणात. आणि म्हणाला, "तात्या, तुमीच सांगा. काय व्हतंय तुमाला?"

अनुसया गेल्यापासून शंभर माणसं भेटायला आली असतील. धीर धरा म्हणाली, देवाची मर्जी म्हणाली, सोनं झालं म्हणाली, केस सीरियस म्हणाली. काय होतंय, हे कोणी विचारलं नव्हतं. मी ठरवून बसलो होतो की म्हशीचं कारण सांगायचं आणि टेम्पो परत पाठवायचा. ते खरंही होतं. पण अर्धंच खरं होतं.

"म्हस आता तशीबी पान्हा सोडती," मी म्हणालो. "महिना झाला. एकदा लुगडं घ्यायचं इसरलो, तशीच बसलो, तर तिनं सोडला. तिला माजी सवय झाली. लुगडं मला सोडवत न्हाई."

मी दांडीवरच्या लुगड्याकडं बोट केलं.

"ते अंगावर घेतलं की वास येतोय. चुलीच्या धुराचा, शेणाचा, तिच्या डोस्क्याच्या तेलाचा. आणि मी तिच्यावानी बोललो की तेवढा येळ तिचा आवाज घरात असतोय. मला ठावं हाय की तो मीच काढतोय. मी येडा न्हाई. ती मेली हे मला तुमच्यापरास जास्त ठावं हाय, मीच उचललंय तिला चुलीपुढनं. पण दिसातनं दोन येळा तेवढा आवाज ऐकला की मग मला भाकरी गिळती. न्हाई ऐकला तर गिळत न्हाई. एवढंच व्हतंय."

सोपान माझ्या तोंडाकडं बघत होता. बोटांकडं नाही, तोंडाकडं. मी थांबलो तरी त्यानं नाव दिलं नाही. नुसता बसून राहिला.

महेश पिशवी ठेवून गोठ्यात गेला. दांडीवर लुगडं होतं. त्यानं पदर हातात घेतला, नाकाला लावला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तेराव्यापर्यंत पोरगं रडलं नव्हतं. माणसांची उठबस बघत, मांडववाल्याला फोन करत फिरत होतं. मला तेव्हा राग आला होता, की याला आईचं काही नाही. बघा, मीही न विचारताच ठरवलं होतं.

व्यापारी शहाणा माणूस. "मालक, जनावर चांगलं हाय," म्हणाला, "पण आज येळ बरोबर न्हाई," आणि टेम्पो काढून गेला. महेशनं त्याला थांबवलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "तात्या, झोप लागत नसेल तर कराडला एकदा दाखवू. खऱ्या डॉक्टरला. येणार का?" त्यानं विचारलं, म्हणून मी येतो म्हणालो. सूनबाईनं दोन दिवसांच्या भाकरी करून ठेवल्या, आणि पिशवीतले सदरे पुन्हा खुंटीला लावले.

तीनचार दिवसांनी सोपान माझ्याकडं आला. ग्रुपात त्यानं लिहिलं होतं, 'माझे मागील सर्व रिपोर्ट रद्द समजावेत.' गुरवानं त्याखाली अंगठा दिला होता आणि देवळाचं कुलूप पुन्हा ओढायला सुरुवात केली होती.

"तात्या, शिराळ्याला जावं म्हणतोय."

"जा की."

"काय बोलू? गेल्याबरोबर माफी मागू का? का आधी सांगू, की आता मी ते सोडलं?"

"कायबी सांगू नगंस," मी म्हणालो. "सांगूनच घालवलीस. इचार."

"काय इचारू?"

आता मी काय मोठा शहाणा. मला सुचलं ते सांगितलं. "जेवलीस का, एवढं इचार. बायकांस्नी ते कोण इचारत न्हाई."

तो सकाळच्या गाडीनं गेला. कराडला उतरून शिराळ्याची दुसरी गाडी धरायची असते. संध्याकाळी मी डेअरीच्या रांगेत होतो, तेव्हा तो स्टँडकडून चालत आला आणि हातात किटली नसताना माझ्या मागं रांगेत उभा राहिला. माझ्या पुढं दोन माणसं होती. ती झाली, माझं दूध मापलं, मी बाजूला आलो, तोही आला.

"इचारलं," तो म्हणाला.

"मग?"

"म्हणाली, जेवलेय कवाच."

"आणि?"

"दारातच उभी व्हती. मग म्हणाली, तुमी जेवलाय का."

"मग तू काय म्हणालास?"

सोपान रस्त्याकडं बघत होता. "न्हाई म्हणालो," तो म्हणाला. "कराडच्या स्टँडवर पोटभर जेवलो व्हतो, तात्या. तरी न्हाई म्हणालो."